आजारपणाचे दप्तर

आपल्या मराठी घरांना जुन्या कागदांची मोठी आस्था. इंदूरच्या जुन्या वस्तीत अजूनही अशी घरे आढळतात, की ज्यांच्या लोखंडी पेटीत होळकर दरबारची एखादी सनद, पणजोबांच्या नेमणुकीचा हुकूम, तीन-चार पिढ्यांच्या जन्मपत्रिका आणि घराचे खरेदीखत लाल फडक्यात बांधून ठेवलेले असते. वर्षातून एकदा ती पेटी उघडावी, कागदांना वारा द्यावा, कडुलिंबाचा वाळका पाला बदलावा आणि पेटी पुन्हा बंद करावी, असा परिपाठ आमच्याही घरी आहे. परंतु त्याच घरात कुणाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिचे कागद कोठे आहेत असा प्रश्न विचारून पाहावा. कुणी फ्रिजवरची पिशवी दाखवील, कुणी देव्हाऱ्याखालचा खण उघडील आणि कुणी सहज म्हणून जाईल, ‘ते होय? ते मागच्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेले असतील.’

ज्या कागदाचा आज काडीचाही उपयोग नाही तो आपण प्राणापलीकडे जपतो आणि ज्यावर उद्या एखाद्याचा प्राण अवलंबून राहील तो मात्र हरवू देतो. हा दोष आम्ही दुसऱ्याच्या पदरी घालीत नाही. तो आमच्याच घरी घडला आणि त्याची किंमत आमच्या काकूंना मोजावी लागली. म्हणूनच आज हा विषय वाचकांपुढे मांडावा असे वाटले.

काकूंची गाठ

२०१९ च्या पावसाळ्यात आमच्या काकूंच्या उजव्या स्तनात एक गाठ आढळली. त्या वेळी त्या बावन्न वर्षांच्या होत्या. गावातल्याच एका खासगी रुग्णालयात पूर्ण भूल देऊन ती गाठ काढण्यात आली. तपासणीत ती साधी निघाली असे डॉक्टरांनी सांगितले, आम्ही देवापुढे पेढे ठेवले आणि विषय तेथेच संपला. एक गोष्ट मात्र सर्वांच्या ध्यानात राहिली होती. शस्त्रक्रियेनंतर काकूंना शुद्धीवर यावयास फार वेळ लागला. त्यांना ती रात्र देखरेखीच्या वेगळ्या खोलीत ठेवले आणि घरी सोडण्याचा दिवस एकाने लांबला. असे का झाले हे आम्ही विचारले नाही. विचारले असते, तरी सांगितलेले ध्यानात राहिले असते असे नाही.

२०२३ च्या हिवाळ्यात त्याच जागी पुन्हा गाठ आली. या वेळी घरातल्या सर्वांनी मुंबई गाठावयाचे ठरविले. अवंतिका एक्सप्रेसने रात्री निघालो, सकाळी मुंबईत उतरलो आणि दादरला आत्याबाईंच्या घरी पिशव्या टाकून थेट परळच्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो. तेथील शल्यवैद्यांनी काकूंना तपासले आणि आमच्यापाशी हात पुढे केला. ‘पहिल्या गाठीचा तपासणी अहवाल?’

आमच्यापाशी एक डिस्चार्ज कार्ड होते. त्यावर एवढेच लिहिलेले होते की गाठ काढली, तपासणीचा अहवाल सोबत, एक दिवस अधिक देखरेखीखाली ठेवले, प्रकृती समाधानकारक. ‘सोबत’ असलेला अहवाल मधल्या काळात आम्ही घर बदलले तेव्हा कोठे गेला हे कुणालाच ठाऊक नव्हते.

‘गाठ साधी होती, असे डॉक्टर म्हणाले होते,’ आम्ही सांगितले.

‘साध्या गाठीही अनेक प्रकारच्या असतात,’ ते शांतपणे म्हणाले. ‘दिसावयास साधी, पण पूर्ण निघाली नाही तर पुन्हा उद्भवणारी अशीही एक गाठ असते. पहिली गाठ कोणती होती ते कळले, तर आता किती भाग काढावयाचा ते मला ठरविता येईल. अहवाल नसेल, तर ज्या मेणाच्या ठोकळ्यात ती गाठ जपून ठेवली असेल तो ठोकळा आणा.’

त्यांच्यामागून भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. त्यांनी काकूंना विचारले, ‘आजी, मागच्या वेळी भुलेच्या औषधाचा काही त्रास झाला होता का?’ काकू म्हणाल्या, ‘शुद्धीवर यावयास उशीर झाला होता खरा.’ ‘कशामुळे?’ काकूंनी आमच्याकडे पाहिले. आम्ही जमिनीकडे पाहिले.

दुसऱ्याच रात्री आम्ही एकटे इंदूरला परतलो आणि त्या रुग्णालयात गेलो. जुने कागद एका जिन्याखालच्या खोलीत असत. तेथील कारकून वृत्तीने वाईट नव्हता. त्याने नोंदवही काढली, तारीख पाहिली आणि म्हणाला, ‘बाबूजी, तीन साल से ऊपर हो गये. पुराने केसपेपर तो निकल गये.’ निकल गये म्हणजे नष्ट झाले होते. ज्या पानावर भूल देणाऱ्या डॉक्टरांनी त्या रात्रीचा वृत्तांत लिहिला असेल, ते पान आता पृथ्वीच्या पाठीवर उरले नव्हते.

दैवाची एवढीच कृपा, की गाठीची तपासणी रुग्णालयाने बाहेरच्या एका प्रयोगशाळेत केली होती आणि तिने आपले ठोकळे टाकले नव्हते. अर्ज दिला, पोच घेतली आणि तिसऱ्या दिवशी बोटाच्या पेराएवढा मेणाचा तो ठोकळा कापसात गुंडाळून आम्ही मुंबईस नेला. तेथे तो पुन्हा तपासला गेला. फायलॉइड्स या नावाने ओळखली जाणारी, कर्करोग नसलेली परंतु पुन्हा उद्भवण्याची खोड असलेली गाठ ती होती. जुनी आणि नवी गाठ ताडून पाहता आली, भोवतालचा किती भाग काढावयाचा ते ठरले आणि शस्त्रक्रिया झाली.

परंतु भुलेच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही ते नाहीच. कोणते औषध सोसले नव्हते? श्वासनळीत नळी घालताना अडचण आली होती? रक्तदाब उतरला होता? उत्तर नसल्यामुळे जास्तीच्या तपासण्या कराव्या लागल्या, शस्त्रक्रिया चार दिवस पुढे गेली, आणि ते चार दिवस काकू दादरच्या त्या खोलीत खिडकीपाशी बसून काही न बोलता जपमाळ ओढीत राहिल्या. चार वर्षांपूर्वी अर्ध्या तासाची खटपट आणि झेरॉक्सचे थोडे पैसे खर्च केले असते, तर ते चार दिवस वाचले असते.

कागद रुग्णालयाचा, माहिती रुग्णाची

या प्रसंगानंतर आम्ही नियम समजून घेतले. ते फारसे गहन नाहीत, परंतु घराघरांत माहीत असावयास हवेत.

भारतीय वैद्यक परिषदेच्या व्यावसायिक आचारसंहितेचे नियम २००२ साली झाले. त्यांत दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या आहेत. पहिली अशी, की रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्याच्या तारखेपासून तीन वर्षे जपून ठेवली पाहिजेत. दुसरी अशी, की रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागणी केली, तर मागणीची पोच देऊन बहात्तर तासांच्या आत ती कागदपत्रे दिली पाहिजेत. ती न देणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन मानले गेले आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम प्रसिद्ध झाले होते. तथापि ते त्याच महिन्यात स्थगित झाले आणि २००२ चे नियम पुन्हा लागू करण्यात आले.

मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच एका प्रकरणात सांगितले होते, की रुग्णाच्या केसपेपरच्या बाबतीत खुद्द रुग्णापुढे गुप्ततेची सबब डॉक्टरांना व रुग्णालयांना सांगता येणार नाही. गुप्तता आहे ती परक्यांपासून. ज्याचा देह, त्याच्यापासून नव्हे. पुढे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या हक्कांची एक सनद तयार केली. रुग्ण दाखल असताना शक्यतो चोवीस तासांत आणि घरी सोडल्यावर बहात्तर तासांत कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात, असे तीत म्हटले आहे. होळकरांची सनद जपणाऱ्यांनी ही सनदही माहीत करून घ्यावी, हे बरे.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. मूळ केसपेपर रुग्णालयाकडे राहतो. त्याची प्रत मागण्याचा अधिकार आपला. रुग्णालय मूळ कागद देत नाही म्हणून भांडणे व्यर्थ आहे. प्रत काढण्याचा वाजवी खर्च मागितला, तर तो आनंदाने द्यावा.

तीन वर्षांची मुदत ही या प्रकरणातली खरी मेख आहे. आपल्याला वाटते, रुग्णालय कोठे पळून जात नाही, लागेल तेव्हा मागू. परंतु लागते ते पाचव्या वर्षी, दहाव्या वर्षी. त्या वेळी रुग्णालयाने कागद नष्ट केलेला असतो आणि तसे करताना त्याने कोणताही नियम मोडलेला नसतो. शिवाय ही मुदत दाखल झालेल्या रुग्णांची आहे. ज्यांनी नुसते बाहेरून औषध घेतले, त्यांच्या कागदाला तेवढेही संरक्षण नाही. म्हणून आमचे पहिले आणि शेवटचे सांगणे हेच, की कागद घरी सोडताना मागावेत. त्या धांदलीत जमले नाही, तर टाके काढावयास जाल त्या दिवशी मागावेत.

काय मागावे

‘आमचे कागद द्या’ असे म्हटले, की हाती डिस्चार्ज कार्ड पडते आणि आपण समाधानाने परततो. डिस्चार्ज कार्ड म्हणजे पुस्तक नव्हे, पुस्तकाची अनुक्रमणिका. संपूर्ण केसपेपरची प्रत मागावी. त्यात दाखल करतेवेळची तपासणी, रोजच्या नोंदी, औषधांचा तक्ता आणि परिचारिकांच्या नोंदी येतात. शस्त्रक्रिया झाली असेल तर तिचे टिपण आणि भुलेचे टिपण ही दोन पाने आहेत की नाहीत, हे तेथेच उभे राहून पाहावे. पुढच्या शस्त्रक्रियेच्या वेळी सर्वांत आधी हीच दोन लागतात.

रक्त-लघवीच्या तपासण्या, एक्स-रे व स्कॅनची फिल्म आणि त्यासोबतचा लेखी अहवाल वेगवेगळे असतात, दोन्ही घ्यावेत. स्कॅनची सीडी मिळत असेल, तर तीही मागावी, कारण दुसऱ्या ठिकाणचे डॉक्टर फिल्मपेक्षा सीडीवरून अधिक बारकाईने पाहू शकतात. शरीराचा कोणताही भाग काढून तपासला असेल, तर अहवाल घ्यावाच, पण ठोकळा आणि काचपट्ट्या कोणत्या प्रयोगशाळेत, कोणत्या क्रमांकाखाली आहेत, हेही लिहून घ्यावे. आम्हांला तारले ते त्या क्रमांकाने.

हृदयात स्टेंट, डोळ्यात भिंग किंवा गुडघ्यात कृत्रिम सांधा बसविला असेल, तर त्या वस्तूच्या वेष्टनावर एक चिकटपट्टी असते. तिच्यावर वस्तूचे नाव, आकार आणि क्रमांक असतो. ती केसपेपरवर लावतात. तिची प्रत अवश्य घ्यावी. पुढे चुंबकीय स्कॅन करावयाचा झाल्यास ‘आत काय बसविले आहे?’ हाच प्रश्न प्रथम येतो, आणि ‘काहीतरी धातूचे आहे’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

नावाचा घोळ

आम्ही महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसे. आमच्या वाट्याला एक खास अडचण येते आणि तिच्यापायी कागद असूनही सापडत नाही.

हिंदीत ‘ळ’ लिहीत नाहीत. काळे येथे काले होतात आणि पळशीकर पलशीकर होतात. इंग्रजीतून आडनाव लिहिताना प्रत्येक कारकून आपल्या कानाप्रमाणे अक्षरे जुळवितो. त्यात आपली नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी रीत. येथील नोंदणीत मधले नाव गळते, किंवा मधल्याच नावाला आडनाव समजून नोंद होते. बायकांची तऱ्हा आणखी न्यारी. आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनावच नव्हे, तर कित्येक घरांत नावही बदलत असे. साठी-सत्तरीच्या कितीतरी स्त्रियांचे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे आणि आधार कार्डावर तिसरेच असते. घाईच्या वेळी रुग्णालयात नेणारा पुतण्या घरातले हाकेचे नाव सांगून मोकळा होतो. मग चार वर्षांनी कारकुनापुढे आधार कार्ड ठेवले, की तो म्हणतो, या नावाचा रुग्ण आमच्याकडे नव्हता.

यावर उपाय सोपा आहे. रुग्णालयात दाखल करताना नेहमी आधार कार्डावरचेच नाव, त्याच अक्षरांत लिहावयास सांगावे आणि पहिल्याच कागदावर ते वाचून पाहावे. चूक असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करवून घ्यावी. जुना कागद शोधताना नावापेक्षा नोंदणी क्रमांक आणि दाखल झाल्याची तारीख अधिक उपयोगी पडते. ती बिलावर असते, म्हणून बिल कधीही टाकू नये. क्रमांक नसेलच, तर नावाची सगळी संभाव्य रूपे एका कागदावर लिहून न्यावीत आणि कारकुनाला शांतपणे एकेक पाहावयास सांगावे.

अर्ज कसा करावा

तोंडी मागणीला तोंडीच नकार मिळतो. म्हणून अर्ज लेखी करावा. इंदूर-ग्वाल्हेरात हिंदीत, बडोद्यात गुजरातीत, बेळगावात कन्नड किंवा इंग्रजीत, हैदराबादेत तेलुगू किंवा इंग्रजीत, जी भाषा तेथील कार्यालयाला सोयीची ती वापरावी. भाषा कोणतीही असो, मजकूर थोडक्यात असा असावा:

‘मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपल्या रुग्णालयात दाखल होतो. माझा नोंदणी क्रमांक अमुक. पुढील उपचारासाठी मला संपूर्ण केसपेपर, शस्त्रक्रियेचे व भुलेचे टिपण, सर्व तपासण्यांचे अहवाल व फिल्म यांच्या प्रती हव्या आहेत. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार त्या बहात्तर तासांत द्याव्यात, ही विनंती. प्रतींचा खर्च मी देईन.’

खाली सही, तारीख, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक. सोबत ओळखपत्राची प्रत. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात आणि एकीवर शिक्का, सही व तारीख घ्यावी. ही पोच म्हणजे अर्धे काम झाले असे समजावे, कारण बहात्तर तास तिच्यावरील तारखेपासून मोजले जातात. पोच देण्यास कुणी टाळाटाळ केली, तर तोच अर्ज पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावा.

रुग्ण स्वतः जाऊ शकत नसेल, तर त्याने सही केलेले अधिकारपत्र आणि दोघांची ओळखपत्रे न्यावीत. लहान मुलासाठी आईवडील अर्ज करतात. रुग्ण दिवंगत झाला असेल, तर वारसाने मृत्यूच्या दाखल्यासह आणि नाते दाखविणाऱ्या कागदासह अर्ज करावा. अशा वेळी कागद मागणे पुष्कळांना नकोसे वाटते. परंतु आईला कोणत्या वयात कोणता आजार झाला, हे मुलींना आणि नातींना कळणे त्यांच्याच हिताचे असते.

सरकारी रुग्णालयात हाच अर्ज अधीक्षकांच्या नावे द्यावा. तेथे दाद लागली नाही, तर २००५ चा माहितीचा अधिकार हाताशी आहे. त्याखाली तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते आणि प्रश्न जीविताचा असेल, तर अठ्ठेचाळीस तासांत. मात्र स्वतःचेच कागद मागत आहोत हे अर्जात स्पष्ट लिहावे, कारण दुसऱ्याचे वैद्यकीय कागद मागणाऱ्यास खासगीपणाच्या कारणाने नकार मिळू शकतो.

नकार मिळाला तर

रुग्णालये कागद द्यावयास का कचरतात, हेही समजून घ्यावे. कित्येकदा दुष्टावा नसतो. कागदांची खोली अपुरी असते, माणसे थोडी असतात, जुने गठ्ठे उचलावयाचा कंटाळा असतो. कधी मात्र भीती असते, की हा माणूस कागद घेऊन न्यायालयात जाईल. म्हणून बोलताना आवाज चढवू नये. ‘दुसऱ्या डॉक्टरांनी मागितले आहेत, उपचार अडले आहेत’ हे खरे कारण पुरेसे असते. बहुतेक दरवाजे तेवढ्याने उघडतात.

तरीही न उघडल्यास राज्याच्या वैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. मध्य प्रदेशात जिल्ह्याच्या मुख्य चिकित्सा व स्वास्थ्य अधिकाऱ्यांकडेही जाता येते. पैसे देऊन उपचार घेतले असतील, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरविले. आता २०१९ चा कायदा लागू असून तक्रारीस कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. या सर्व ठिकाणी पहिला प्रश्न एकच विचारला जातो: अर्जाची पोच आहे का?

रुग्णालय बंद पडले किंवा आमच्याप्रमाणे मुदत उलटून गेली, तरी सर्व वाटा बंद झाल्या असे मानू नये. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर दुसरीकडे काम करीत असतील, तर त्यांना भेटावे. बाहेरच्या प्रयोगशाळेत आणि एक्स-रे केंद्रात चौकशी करावी. विमा घेतला असेल, तर विमा कंपनीकडे दाव्यासोबत डिस्चार्ज कार्ड, अहवाल आणि बिले गेलेली असतात. रेल्वे, बँक किंवा सरकारी नोकरीतून खर्च परत मिळाला असेल, तर त्या कार्यालयात प्रती असू शकतात. ज्या घरच्या डॉक्टरांनी आपल्याला पुढे पाठविले, त्यांच्या टेबलाच्या खणात एखादी चिठ्ठी निघते. या तुकड्यांतून संपूर्ण चित्र उभे राहत नाही, पण काही नसण्यापेक्षा ते पुष्कळ.

मिळालेले जपावे

कागद मिळविणे हे अर्धे काम. तो टिकविणे उरलेले अर्धे. हृदयाचा आलेख आणि सोनोग्राफीची चित्रे बहुधा उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेली असतात. तो कागद काही वर्षांत फिका पडतो आणि कोरा निघतो. म्हणून त्याची झेरॉक्स त्याच आठवड्यात काढावी. जपण्याच्या हौसेने काही लोक असा कागद लॅमिनेट करतात. त्या यंत्राच्या उष्णतेने तो काळा पडतो आणि सारेच जाते. फिल्म घडी घालून ठेवू नये आणि उन्हात टाकू नये.

घरातल्या प्रत्येक माणसाची एक वेगळी फाईल असावी आणि कागद तारखेप्रमाणे लावावेत. सर्वांत वर एक पान हाताने लिहून ठेवावे: रक्तगट, कोणते औषध सोसत नाही, आजवरच्या शस्त्रक्रिया व त्यांची वर्षे, सध्याची औषधे. रात्री दोन वाजता डॉक्टर फक्त हे एक पान वाचतात. सर्व कागदांची छायाचित्रे काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवावीत, कारण आजारी माणसाचाच फोन त्या वेळी कुलूपबंद असतो. २०२१ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये प्रत्येकाला चौदा अंकी आरोग्य क्रमांक घेता येतो आणि आपले कागद त्याला जोडता येतात. ही सोय चांगली आहे; ती घ्यावी. परंतु जिन्याखालच्या खोलीतला जुना केसपेपर आपण होऊन तेथे चढत नाही. तो आपल्यालाच जाऊन आणावा लागतो.

मुंबईहून निघण्याच्या दिवशी आम्ही त्या रुग्णालयात अर्ज दिला आणि भुलेच्या टिपणासह सर्व कागद मागून घेतले. त्या पानावर शेवटी दोन ओळी होत्या: कोणती औषधे दिली, शुद्धीवर यावयास किती वेळ लागला आणि पुढच्या वेळी काय सांभाळावे. काकूंनी चष्मा लावून ते पान हातात धरले. अक्षरे इंग्रजी होती आणि त्यांना ती वाचता येत नव्हती. तरीही बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, ‘मागच्या वेळीही कुणीतरी असेच लिहिले असेल ना रे?’

यंदा आमच्या घरातली लोखंडी पेटी उघडली, तेव्हा सनदेच्या आणि जन्मपत्रिकांच्या शेजारी काकूंची फाईल ठेवली. कडुलिंबाचा पाला तिच्यातही घातला. मग घरातल्या बाकीच्या माणसांची नावे घालून सहा रिकाम्या फायली आणल्या आणि कोणाचे कोणते कागद कोठून आणावयाचे, याची यादी करावयास बसलो. त्या यादीतल्या दोघांच्या शस्त्रक्रियांना तीन वर्षे पुरी व्हावयास फार थोडे दिवस उरले होते. दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही अर्ज घेऊन बाहेर पडलो.